ल्युसिंडा विल्यम्स : लेक चार्ल्सच्या पुलावर भेटलेली गायिका

भरतीओहोटी
शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येते. पण गेलं वर्षभर एकाच बाईची, ल्युसिंडा विल्यम्स या अमेरिकन 'ऑल्ट-कंट्री' गायिकेची, गाणी घरात, गाडीत, स्वयंपाक करताना चालू आहेत आणि तिच्याविषयी मराठीत बोलायला आसपास कुणी नाही. म्हणून हा धागा. लांबेल, आधीच सांगते.

मी केमिकल इंजिनीअर, राहायला ह्यूस्टनला. गेल्या वर्षी लुईझियानातल्या लेक चार्ल्सला एका प्लांटच्या शटडाउनसाठी पाच आठवडे होते. गाव टेक्ससच्या सीमेजवळ, ह्यूस्टनहून आय-१० महामार्गाने पूर्वेला साधारण अडीच तास. रिफायनऱ्या, पेट्रोकेमिकलचे कारखाने, कॅसिनो. २०२०च्या लॉरा वादळाने गावाची दैना केली, त्याच्या खुणा अजून दिसतात. मला रात्रपाळी होती, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. सुटलं की कॅल्केशू नदीवरचा पूल ओलांडून हॉटेलवर यायचं. पूल १९५२चा, अरुंद, आणि चढ असा की माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं गाव दिसत नाही. त्याच्या लोखंडी कठड्यावर एकमेकांवर तिरप्या ठेवलेल्या दोन-दोन पिस्तुलांची नक्षी आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जाँ लाफीत हा समुद्री चाचा या किनाऱ्यावर वावरायचा म्हणतात, त्याची ती आठवण.

तिसऱ्या आठवड्यात माझी गाडी गॅरेजला होती, तेव्हा शिफ्टमधल्या एका वयस्क ऑपरेटरने आपल्या पिकअपमधून सोडलं. डॅशबोर्डवर हेल्मेट, हातमोजे आणि ओरखडे पडलेली एक सीडी. त्याने विचारलं, "मूळची कुठली?" मी म्हटलं, इंडिया. तो म्हणाला, ते कळलं, पण गाव कुठलं?

या प्रश्नाचं उत्तर मला कधीच धड देता आलेलं नाही. जन्म आजोळी साताऱ्याला. बाबा प्लांट ऑपरेटर. आधी रसायनी, मग रोहा, मग लोटे. मी "रोह्याची" म्हणून सांगते, पण रोह्याला आम्ही जेमतेम चार वर्षं होतो. हे सगळं त्याला सांगितलं. त्याने काही न बोलता सीडी लावली आणि सहावं गाणं काढलं. म्हणाला, हे आमच्या गावचं आहे.

गाणं 'लेक चार्ल्स'. त्यातला माणूस जन्मला टेक्ससमधल्या नॅकडोचेसला, पण भेटेल त्याला आपण लेक चार्ल्सचे म्हणून सांगायचा. पिवळ्या एल कमिनो गाडीतून हाउलिन वुल्फ हा ब्लूज गायक ऐकत लाफायेट, बॅटन रूज असे फिरायचे, ते सगळं येतं. मग बाई विचारते की शेवटच्या क्षणी तुझ्या कानाशी कुणी होतं का, तुझी भीती कुणी काढून घेतली का. बस, एवढंच. तो कसा गेला, का गेला, तिचा कोण लागत होता, गाणं सांगत नाही. (मागाहून कळलं, क्लाइड वुडवर्ड नावाचा तिचा पूर्वीचा जोडीदार.) आम्ही पुलाच्या माथ्यावर होतो, पूर्वेला उजाडत होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

तेव्हापासून तिचे सगळे अल्बम ऐकले. ल्युसिंडाचा जन्म लेक चार्ल्सचाच, २६ जानेवारी १९५३. वडील मिलर विल्यम्स, कवी आणि प्राध्यापक. नोकरीसाठी त्यांनी गावं बदलली, त्यांच्याबरोबर मुलांनी: जॅक्सन, मेकन, बॅटन रूज, न्यू ऑर्लिन्स, चिलीतलं सांतियागो, मेक्सिको सिटी, शेवटी आर्कन्सॉतलं फेएटव्हिल. आई ल्युसिल पियानो वाजवायची, तिचं मानसिक आजारपण घरात कायम.

'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' या १९९८च्या अल्बमचं शीर्षकगीत मी किती वेळा ऐकलं असेन, मोजलेलं नाही. मेकनमधल्या घरातलं स्वयंपाकघर. रेडिओवर लोरेटा लिन, जुनी कंट्री गायिका. कॉफी, अंडी, बेकन यांचा वास. बाहेर खडीवर गाडीची चाकं वाजतात. कुणीतरी आलंय, कोण ते माहीत नाही. चला, निघायचंय. धूळ बसलेली सुटकेस, किल्ल्यांचा जुडगा, धाडकन आपटलेलं जाळीचं दार. पुढच्या सीटवर मोठ्यांची हलक्या आवाजातली कुजबुज. कापसाची शेतं, मागे पळणारे तारांचे खांब. आणि अगदी शेवटी मागच्या सीटवर चार-पाच वर्षांचं एक मूल, गालावर धूळ आणि अश्रू मिसळलेले.

हे मूल दुःखी आहे असं गाण्यात कुठेही म्हटलेलं नाही. घर का सोडलं तेही नाही. नुसत्या वस्तू एकामागून एक ठेवल्या आहेत, आणि त्या ठेवण्यातच सगळं सांगून झालंय.

रसायनीहून रोह्याला जाताना आमचं सामान टेम्पोत होतं आणि मी मागे, पितळी पिंपाला टेकून. पिंपात तांदळाचं पीठ भरलं होतं आणि खड्ड्यागणिक झाकण वाजायचं. तो आवाज मी तीस वर्षांत कुणाला सांगितला नव्हता.

तिने हे गाणं नॅशव्हिलच्या एका छोट्या कॅफेत म्हटलं तेव्हा वडील समोर होते. कार्यक्रमानंतर ते तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिची माफी मागितली. कशाबद्दल, हे तिला आधी कळलंच नाही. मागच्या सीटवरची मुलगी म्हणजे तू, असं त्यांनी सांगितलं. लिहिताना तिच्या ते ध्यानात आलेलं नव्हतं. हे ती स्वतः अनेकदा सांगते.

इथे कुणी ऐकलंय का तिला?


काजवा
शनिवार, रात्री ११:०२

ताई, फार आतून लिहिलंय. पिंपाचं झाकण मलाही ऐकू आलं. मी हे नाव पहिल्यांदाच वाचतोय. सुरुवात कुठून करू? आणि हे 'ऑल्ट-कंट्री' म्हणतात ते नेमकं काय? कंट्री म्हटलं की डोळ्यांपुढे हॅट, ट्रक आणि बिअरचे डबेच येतात.


एकतारी
रविवार, सकाळी ७:४०

धागा बघून सकाळी सकाळी लॉगिन केलं. मी गिटार शिकवतो आणि या बाईंची गाणी दहाएक वर्षं वाजवतोय.

काजवा, थोडक्यात सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नॅशव्हिलचं कंट्री गुळगुळीत होत चाललं होतं. त्याच सुमाराला पंक-रॉक वाजवणारी काही पोरं जुन्या, ओबडधोबड कंट्रीकडे वळली. इलिनॉयमधल्या बेलव्हिलच्या अंकल टुपेलो या बँडचा १९९०चा 'नो डिप्रेशन' हा अल्बम त्यातला मैलाचा दगड. नाव कार्टर फॅमिलीने १९३६ साली गायलेल्या गाण्यावरून. पुढे १९९५ला सिअ‍ॅटलला त्याच नावाचं मासिक निघालं आणि या सगळ्या प्रकाराला ऑल्ट-कंट्री म्हणू लागले.

ल्युसिंडाबाई त्याच्या आधीपासून हेच करत होत्या. पहिला अल्बम १९७९चा, फोकवेज या रेकॉर्ड कंपनीसाठी, जॅक्सनच्या मलाको स्टुडिओत केलेला, सगळी जुनी ब्लूज आणि कंट्री गाणी. दुसरा १९८०चा, त्यात स्वतःची गाणी. मग आठ वर्षं काही नाही! लॉस एंजेलिसचे लोक म्हणायचे हे रॉकच्या मानाने जास्त कंट्री आहे, नॅशव्हिलचे म्हणायचे कंट्रीच्या मानाने जास्त रॉक आहे. शेवटी १९८८ला अल्बम काढला तो रफ ट्रेड या मूळच्या ब्रिटिश, पंकवाल्या कंपनीने. त्यातलं 'पॅशनेट किसेस' मेरी चेपिन कार्पेंटरने गायलं आणि गीतकार म्हणून ल्युसिंडाला १९९४चं ग्रॅमी मिळालं. त्यातलंच 'चेंज्ड द लॉक्स' टॉम पेटीने गायलं.

एक छोटी भर. 'कार व्हील्स'मधलं 'कान्ट लेट गो' तिचं नाही, रँडी वीक्सचं आहे. बहुतेकांना ते तिचंच वाटतं, म्हणून सांगितलं.

आणि या अल्बमची कथा ऐकाच. आधीचा अल्बम १९९२चा, हा १९९८चा. ऑस्टिनला गर्फ मॉर्लिक्स या तिच्या गिटारवादकाबरोबर जवळजवळ पूर्ण रेकॉर्ड केलेला अल्बम तिने बाजूला ठेवला. नॅशव्हिलला स्टीव्ह अर्ल आणि रे केनेडीबरोबर परत केला. तिथेही मनासारखं होईना, तेव्हा ब्रूस स्प्रिंगस्टीन या रॉक गायकाच्या बँडमधले रॉय बिटन आले. पेपरवाल्यांनी तिला हट्टी, चक्रम ठरवलं. सहा वर्षांत तेरा गाणी! पण ती तेरा गाणी लागोपाठ ऐका आणि कुठली ओळ काढता येईल ते मला सांगा. 'जॉय'मध्ये दोन-चार ओळी फिरून फिरून येतात, बाकी स्लाइड गिटार, आणि तरी एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. पुरुष कलाकाराने सहा वर्षं घेतली असती तर त्याला व्रतस्थ म्हटलं असतं.

सुरुवात याच अल्बमपासून करा. घाईत ऐकू नका.


मंद्र
रविवार, सकाळी ११:२०

धाग्याबद्दल आभार, पण माझं मत वेगळं आहे. आत्ताच चार गाणी ऐकली. शब्द चांगले आहेत, वादच नाही. आवाज मात्र मला सहन होत नाही. शब्द तोंडातच घोळतात, स्वर लागायच्या आधी सुटतो, काही ओळींना तर झोपेत म्हटल्यासारखं वाटतं. मी किराणा घराण्याची गायकी ऐकत मोठी झाले. स्वर लागला पाहिजे हा संस्कार इतका पक्का आहे की तिथेच अडखळते. तुम्हाला हे जाणवलं नाही का?


भरतीओहोटी
रविवार, दुपारी १:०५

मंद्र, जाणवलं ना. पहिल्या आठवड्यात मी शब्द समोर ठेवूनच ऐकत होते. मग ध्यानात आलं की ती सगळे शब्द सारखे घोळवत नाही. गावाचं नाव आलं की ते स्वच्छ म्हणते. लाफायेट, बॅटन रूज, व्हिक्सबर्ग, जॅक्सन. अल्बमचं शेवटचं गाणं 'जॅक्सन' मुद्दाम ऐका. एकेक गाव मागे पडतं आणि प्रत्येक गावाशी ती म्हणते की इथवर पोचले की तुझी आठवण येणार नाही. स्वतःला समजावणाऱ्या माणसाचा आवाज जसा असतो, दमलेला, हट्टी, तसाच तो मला वाटतो. त्या आवाजाने ती ओळ खोटी पडते, आणि ती खोटी पडायलाच हवी.

एकतारी, रँडी वीक्सबद्दल धन्यवाद. मीही ते तिचंच समजत होते.


एकतारी
रविवार, दुपारी २:३०

मंद्रताई, एक करून बघा. पायाने ठेका धरा आणि शब्द कुठे पडतो ते पाहा. ती जवळजवळ प्रत्येक ओळीत ठेक्याच्या किंचित मागे असते. ड्रम पुढे जातो, ती मागून येते. आपल्याकडे लयीशी खेळणारे गायक मात्रेच्या पुढेमागे उच्चार करतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. विद्यार्थ्यांना तिची गाणी देतो तेव्हा कॉर्ड दहा मिनिटांत बसतात, तीन किंवा चारच असतात. हे मागे राहणं मात्र महिनाभर जमत नाही.


पानगळ
रविवार, रात्री ९:१५

उशिरा आले. मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते आणि ल्युसिंडापर्यंत वडिलांच्या कवितेतून पोचले, म्हणजे उलट्या वाटेने. थोडं वडिलांविषयी लिहिते, कारण त्यांच्याशिवाय ही गाणी अर्धी राहतात.

मिलर विल्यम्स हे १९९७च्या जानेवारीत बिल क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीला कविता वाचणारे कवी. निकानोर पार्रा या चिलीच्या कवीचे अनुवादक. सांतियागोचा मुक्काम तिथे कामाला आला. फार साध्या, बोलीतल्या इंग्रजीत लिहायचे. १९५२ साली ते लेक चार्ल्सच्या कॉलेजात शिकवत होते, तेव्हा हँक विल्यम्स या कंट्री गायकाचा कार्यक्रम तिथे झाला. आडनाव एकच, नातं काही नाही. कार्यक्रमानंतर दोघं एकत्र बसले, बोलले. थोड्याच दिवसांत, १ जानेवारी १९५३ला, हँक गेला आणि त्याच महिन्यात ल्युसिंडा जन्मली. मिलर गेले तेही १ जानेवारीलाच, २०१५ साली.

मेकनला असताना ते कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर यांच्याकडे मिलेजव्हिलला जायचे. बाईंची लिहायची वेळ ठरलेली. ती संपेपर्यंत पाहुण्यांनी ओसरीवर थांबायचं. छोटी ल्युसिंडा तेवढ्यात अंगणातल्या मोरांमागे धावायची. मोठेपणी तिने ओ'कॉनर यांचं मिळेल ते वाचून काढलं. पापाच्या आणि देवाच्या नावाने स्वतःला सोलून काढणारी माणसं 'गेट राइट विथ गॉड'सारख्या गाण्यांत येतात, ती तिथून आली आहेत. त्याच गाण्याला ग्रॅमीही मिळालं.

बारा वर्षांची असताना वडिलांच्या एका विद्यार्थ्याने घरी बॉब डिलनची 'हायवे ६१ रिव्हिजिटेड' ही रेकॉर्ड आणली. घरातली कविता आणि रेडिओवरचं गाणं एका जागी येऊ शकतात हे तिला त्या दिवशी कळलं, असं ती सांगते. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या शाळेत राष्ट्रनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणायला नकार दिला म्हणून शाळेतून काढलं. वडील तिच्या बाजूने उभे राहिले. नवीन गाणी ती वडिलांना दाखवायची आणि ते कवितेच्या कार्यशाळेत सांगावं तसं सांगायचे, हा शब्द काढ, हा जुना झालाय. पन्नाशी जवळ येईपर्यंत हे चालू होतं.

मला ज्या गाण्याविषयी लिहायचंय ते 'पिनिओला', १९९२च्या 'स्वीट ओल्ड वर्ल्ड'मधलं. फ्रँक स्टॅनफर्ड नावाचा फेएटव्हिलचा तरुण कवी, मिलर यांच्या वर्तुळातला. पंधरा हजार ओळींहून मोठी एक कविता लिहिणारा. जून १९७८मध्ये त्याने स्वतःला गोळ्या घालून घेतल्या, एकोणतीस वर्षांचा होता. गाण्यात त्याचं नाव बदललं आहे. बातमी वडिलांकडून कळते, कुणाचा विश्वास बसत नाही, सुबियाकोच्या दफनभूमीत माणसं जमतात. कुणी गप्प उभं आहे, कुणी मान खाली घालून प्रार्थना करतंय. आणि शेवटी निवेदिका सांगते की आपण मूठभर माती उचलून त्याच्यावर टाकली असावी.

टाकली असावी! 'टाकली' असं ती म्हणत नाही. माझ्या मते सबंध गाणं त्या 'असावी'वर उभं आहे. शोकात आपल्या हातांनी काय केलं ते आपल्याला आठवत नाही. नंतर कुणीतरी सांगतं, किंवा नखातली माती दिसते. 'मूठमाती देणे' आपण इतक्या सहज म्हणतो की त्यातली मूठ आणि माती दोन्ही दिसेनाशी झाली आहेत. ते गाणं ऐकल्यावर मला माझ्याच भाषेतला तो शब्द पुन्हा दिसला. वर्गात दरवर्षी ऐकवते. मुलं आधी चुळबुळ करतात, आणि त्या ओळीला वर्ग शांत होतो.


काजवा
रविवार, रात्री १०:५०

पानगळ ताई, काय लिहिलंय! 'पिनिओला' दोनदा ऐकलं. आता झोप येणार नाही.

'२ कूल २ बी ४-गॉटन'मध्ये मध्येच पाट्या वाचल्यासारखं काहीतरी येतं, ते काय आहे?


पानगळ
सोमवार, सकाळी ६:४५

पाट्याच आहेत त्या. बर्नी आइम्स या मिसिसिपीच्या छायाचित्रकाराचं कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या गुत्त्यांचं एक पुस्तक आहे, १९९०चं. भिंतींवर हाताने रंगवलेल्या सूचना, इथे हे करू नका, अमुक वाजल्यानंतर ते मिळणार नाही. गाणं त्या फोटोंवरून सुचलं, आणि भिंतीवरचं तिने तसंच गाण्यात आणलं.


ओसरी
सोमवार, दुपारी ३:१०

मी या संगीतातली नाही. लेकीने हा धागा पाठवला म्हणून वाचला, आणि मिलर विल्यम्स यांचं नाव वाचून थांबले. त्यांना अल्झायमर होता असं लेकीने सांगितलं.

माझ्या आईला सात वर्षं होता. ती कीर्तनं करायची, शेकडो अभंग पाठ. आधी अभंगाचा दुसरा चरण गेला, मग पहिला, मग चाल. टाळ हातात दिला की मात्र ठेका धरायची. तिला ज्या ठिकाणी तपासायला नेत होतो तिथे एका डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं, आता यांना काही कळत नाही. तिने माझा हात घट्ट धरला होता. कळत होतं तिला.

ल्युसिंडाने यावर काही लिहिलंय का?


भरतीओहोटी
सोमवार, रात्री ८:२०

ओसरी काकू, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. हो, लिहिलंय.

वडिलांनी एक दिवस तिला सांगितलं की मला आता कविता लिहिता येत नाही. ते ऐकून आपण कोसळलो, असं ती सांगते. २०१४ साली तिचा दुहेरी अल्बम आला, त्यातलं पहिलं गाणं म्हणजे वडिलांच्या 'कम्पॅशन' या कवितेला तिने लावलेली चाल. कविता लहानशी आहे. भेटेल त्याच्याबद्दल करुणा बाळगा, त्याला ती नको असली तरी. कारण खाली आत, जिथे जीव हाडाला भिडतो, तिथे त्याची कसली लढाई चालू आहे ते तुम्हाला माहीत नसतं. अल्बमचं नावही याच ओळीवरून. गाण्यात ती एकटी आणि गिटार, दुसरं काही नाही. अल्बम सप्टेंबरमध्ये आला आणि तीन-चार महिन्यांत वडील गेले.

मग २०१६चा 'द घोस्ट्स ऑफ हायवे २०'. त्यात वडिलांच्याच कवितेवरचं 'डस्ट' आहे, आणि 'इफ माय लव्ह कुड किल' या आजाराला उद्देशून आहे. आजाराचं नाव न घेता ती त्याला खुनी म्हणते. प्रेमाने मारता आलं असतं तर तुला मारलं असतं, असं. आईवरची गाणी २००७च्या 'वेस्ट'मध्ये आहेत. आई २००४ला गेली. 'फॅन्सी फ्युनरल' त्यातलंच, थाटामाटाच्या अंत्यविधीवर उधळलेल्या पैशात किती दिवसांचा किराणा आला असता याचा हिशोब मांडणारं.

तुम्ही 'कम्पॅशन'पासून सुरुवात करा. शब्द मी तुम्हाला वेगळे पाठवते, अर्थासकट.


दूरदेशी
सोमवार, रात्री ११:५५

मी डॅलसला असतो. वर 'हायवे २०' वाचलं म्हणून लिहितोय, कारण मी रोज त्याच रस्त्याने कामाला जातो. टेक्ससपासून साउथ कॅरोलायनापर्यंत जाणारा रस्ता. तिची लहानपणची बरीच गावं त्याच्या कडेला आहेत आणि आईचं दफन त्याच रस्त्यावरच्या मन्रोला झालंय. मला तो आजवर नुसता ट्रॅफिकचा रस्ता होता.

ज्यांना हा प्रकार आवडला त्यांनी जेम्स मॅकमर्ट्री ऐकावा. कादंबरीकार लॅरी मॅकमर्ट्री यांचा मुलगा. त्याचं 'चॉक्टॉ बिंगो' आठ-नऊ मिनिटांचं आहे आणि त्यात ओक्लाहोमातल्या एका खानदानाचं संमेलन भरतं, एकेक नातेवाईक गाडीत बसून येतो. विली व्लाउटिन हाही ऐका, तो २०१६ला थांबलेल्या रिचमंड फाँटेन या बँडचा गायक होता आणि स्वतः कादंबरीकार आहे. टाउन्स व्हॅन झँट या टेक्ससच्या गायक-गीतकाराविषयी लिहायला वेगळा धागा हवा.


एकतारी
मंगळवार, सकाळी ८:०५

दूरदेशी, मॅकमर्ट्रीला अनुमोदन. टाउन्सचा धागा तुम्हीच काढा.

टाउन्सवरून आठवलं. 'ड्रंकन एंजल' हे ब्लेझ फोलीवर आहे, टाउन्सचा दोस्त. फाटक्या बुटांना चिकटपट्टी लावून फिरणारा, ऑस्टिनमध्ये कुणाच्याही सोफ्यावर झोपणारा गाणारा. फेब्रुवारी १९८९ला एका म्हाताऱ्या मित्राची बाजू घेताना त्याला गोळी लागली आणि तो गेला. ती चिकटपट्टी गाण्यातही आहे.

नोव्हेंबर २०२०मध्ये ल्युसिंडाबाईंना पक्षाघाताचा झटका आला. डाव्या बाजूवर परिणाम झाला, डावा हात गिटारच्या पट्ट्यांवर चालेना. त्यानंतरही २०२३ला नवा अल्बम आणि आत्मचरित्र, दोन्ही आलं. आता स्टेजवर चालत यायला आधार लागतो, गिटार दुसरे वाजवतात, ती माइकला धरून उभी राहते. मी अशा एका कार्यक्रमाचं चित्रण बघितलं. गाताना तिचा उजवा हात मांडीवर कॉर्ड बदलल्याच्या जागी हलत होता. गिटारवाल्यांनाच दिसेल अशी गोष्ट आहे.


मंद्र
मंगळवार, रात्री ९:३०

ठेका धरून ऐकलं. एकतारी म्हणतात ते खरं आहे, ती मागून येते, आणि ते ठरवून आहे. आवाज अजूनही मला लागतो, ते खोटं सांगणार नाही. पण 'लेक चार्ल्स' आज चार वेळा ऐकलं. पहिल्या दोन वेळा आवाज ऐकत होते. नंतरच्या दोन वेळा तो नॅकडोचेसचा माणूस.

माझी आजी माहेरचं गाव कधी सांगायची नाही. विचारलं की म्हणायची, "मी पंढरपूरची." पंढरपुरात तिचं कुणीच नव्हतं, दोनदा वारीला गेली होती तेवढीच.


काजवा
बुधवार, रात्री १२:१५

मंद्र ताई, हे वाचून जात्यावरच्या ओव्या आठवल्या. आमच्या आत्याच्या ओव्यांमध्ये दुःख हा शब्द नसायचा. भावाची घोडी, वेशीतली बाभळ, पंढरीची वाट, तुटलेली वहाण. एवढ्यात सगळं. आज आत्याला फोन करून चार ओव्या रेकॉर्ड करून घेतल्या, या धाग्यामुळे.


भरतीओहोटी
रविवार, सकाळी १०:४०

धागा वर काढतेय.

काल बाबांना व्हिडिओ कॉलवर शीर्षकगीत ऐकवलं, प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत सांगत. बाबा आता चौऱ्याहत्तरचे आहेत, लोट्यालाच असतात. पूर्ण ऐकून घेतलं. पहिला प्रश्न, "ग्रॅव्हल म्हणजे खडी ना? मग डांबर पडलेलं नसणार." मग मी त्यांना टेम्पोचं आणि पिंपाचं सांगितलं. ते म्हणाले, पिंप पितळी नव्हताच, अ‍ॅल्युमिनियमचा होता, पितळी तुझ्या आजीकडे होता. आणि तो प्रवास रसायनी ते रोहा नव्हता, रोहा ते लोटे होता. कशेडीच्या घाटात पाऊस लागला, ताडपत्री एका बाजूने सुटली, आणि पीठ भिजू नये म्हणून तू त्या झाकणावर बसून होतीस. झाकण वाजत नव्हतं, तूच ते दाबून धरलं होतंस.

मला यातलं काहीच आठवत नाही. मी आवाज सांगतेय आणि ते म्हणतात आवाज नव्हताच.

मग म्हणाले, त्या बाईच्या गाण्याचे शब्द मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून पाठव, चष्म्याचा नंबर वाढलाय. आज सकाळपासून तेच करतेय. 'स्क्रीन डोअर'ला 'जाळीचं दार' लिहिलंय. रोह्याच्या क्वार्टर्सना तसंच दार होतं, हिरव्या रंगाचं, खालची जाळी मांजरीने फाडलेली. ते तरी बरोबर आठवतंय का, विचारायला हवं.